बंडगरबाईंचं ‘थांबा’

बंडगरबाईंना कुणी कसलीही तक्रार सांगितली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “तवा दुसरं कोन व्हतं तितं?” दूध उतू गेलेलं असो, सायकलची हवा गेलेली असो, नाहीतर डब्यातली भाकरी कमी भरलेली असो. “एकट्याच्यानं घोटाळा हुईत न्हाई,” त्या म्हणत, “घोटाळ्याला दोघं लागत्यात.” आमच्या शिपायाने एकदा लाजत लाजत लग्न ठरल्याचं सांगितलं, तेव्हाही बाई कामाच्या तंद्रीत हेच विचारून गेल्या. तो बिचारा चार दिवस धास्तावलेला होता.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. सांगली भागातल्या एका साखर कारखान्याने ऊसतोडणीच्या पाळ्या लावायला संगणक घेतला होता. थंडगार खोली, दाराबाहेर काढलेल्या चपला, आत कपाटाएवढं यंत्र आणि त्याला जोडलेली पडदा-बटणांची दोन टर्मिनलं. एकावर मी बसे, दुसऱ्यावर कोरेगावचा माने. प्रोग्रॅम लिहायला बंडगरबाई. त्या जतकडच्या, घरी मेंढरं, आणि स्वतः गणितात एम.एस्सी. मॅनेजरसाहेबांशी छापील मराठी बोलत. आमच्याशी आणि यंत्राशी मात्र घरची बोली.

पहिल्याच हंगामात कुंडलचे निवृत्त हवालदार पवार मिशा फुलवत आत आले. त्यांनी तोडणीची तारीख मागून घेतली होती आणि त्याच दिवशी रानाचं क्षेत्रही दुरुस्त करून घेतलं होतं. क्षेत्र दुरुस्त झालं, तारीख मात्र गायब. “तोडणीची टोळी आलीच न्हाई! उसाला तुरं आल्यात. वजन घटलं तर तुमी देनार व्हय?” माने म्हणाला, मी तारीख घातली होती. मी म्हणालो, मी फक्त क्षेत्र बदललं. हवालदारांना दोघंही खोटारडे वाटलो.

बाईंनी आम्हा दोघांना नेहमीचा प्रश्न विचारला आणि दिवसभर यंत्रासमोर बसल्या. संध्याकाळी आम्हाला बोलावलं. “दोघंबी खरं बोलताय. दोघांनी एकाच वक्ताला हवालदारांची नोंद उचलली. मानेनं तारीख घालून ती परत ठिवली. तुमच्या हातात जुनीच नक्कल. तुमी क्षेत्र बदलून ती वर ठिवली. मानेची तारीख गेली पुसून.”

“आणि यंत्राला कळलं नाही?” मी विचारलं.

“त्येला काय पडलंय? शेवटी जो ठिवंल, त्याचं खरं.”

मग बाईंनी फायलीला कुलूप घातलं. फाईल बदलायची असेल तर प्रोग्रॅमने आधी एक खूण करायची, काम संपलं की पुसायची. खूण दिसली की दुसऱ्याच्या पडद्यावर रोमन अक्षरांत उमटे, ‘थांबा’. हवालदारांना तारीख मिळाली आणि आम्ही शहाण्या मुलांसारखे एकमेकांसाठी थांबू लागलो.

इतके, की एका शनिवारी माने काम करत असताना लाईट गेली आणि सोमवारी आम्ही दोघंही थांबलो. मला वाटलं, माने आत आहे. मानेला वाटलं, मी आत आहे. दोघांनी समजूतदारपणे चहा घेतला, पेपर वाचला. मॅनेजरसाहेब येऊन शिस्तीचं कौतुकही करून गेले. दुपारी तोडणीच्या टोळ्यांचे मुकादम फाटकाशी जमून ओरडायला लागले, तेव्हा हवालदारच आत घुसले. “आत कोन हाय त्ये तरी सांगा!” मानेने माझ्याकडे बोट केलं, मी मानेकडे.

बाई चुलतभावाच्या हळदीला गावी गेल्या होत्या. जीप पाठवून त्यांना आणलं. हळदीच्या हातांनीच त्यांनी बटणं दाबली आणि हसत सुटल्या. “आरं, खूण करनारा प्रोग्रॅम लाईटीबरोबर मेला की! खूण पुसनार कोन? मढ्याची वाट बघत बसलाय व्हय रं?” तेव्हापासून खुणेत प्रोग्रॅमचं नाव असे, आणि थांबणाऱ्याने तो जिवंत आहे का हे आधी बघायचं असे.

पुढच्या हंगामात साहेबांनी आपल्या केबिनमध्ये तिसरं टर्मिनल बसवलं आणि जावयाकडून पुण्याहून एक प्रोग्रॅम लिहून आणला. तो खूणबिण काही बघत नसे. सरळ लिहून मोकळा होई. साहेबांनी मेहुण्याच्या उसाची पाळी पुढे घेतली आणि त्याच वेळी मानेने घातलेली हवालदारांची तारीख परत पुसली गेली. आता त्यांच्या मिशासुद्धा खाली आल्या होत्या. “बाई, माजंच नाव घावतं का ओ ह्या मशिनीला?”

“पण कुलूप होतं ना?” मी म्हणालो.

“कसलं कुलूप? नुसती पाटी हाय ती,” बाई म्हणाल्या. “जो वाचंल त्योच थांबंल.”

त्या आठवड्यात त्यांनी सगळं नव्याने लिहिलं. फायलीत लिहायची मुभा यंत्र आता एकाच प्रोग्रॅमला देई. बाकीच्यांनी त्याच्याकडे मागायचं आणि रांगेत थांबायचं. साहेबांनी त्यांना बोलावलं. “माझ्यासाठी वेगळी वाट ठेवा.”

“साहेब, वेगळी वाट ठेवली तर आपण कशासाठी एवढं केलं?” बाई छापील मराठीत म्हणाल्या.

साहेब लाल झाले. बाईंची नेमणूक तात्पुरती होती. हंगाम संपल्यावर ती वाढवली नाही. त्यांना हैदराबादला नोकरी मिळाली. स्टँडवर आम्ही दोघं पोचवायला गेलो. मानेने तिथेही कामाचंच विचारलं, “बाई, साहेबांनी दुसरा माणूस आणून वाट पाडली तर?”

“पाडू दे की,” बाई म्हणाल्या. “मग ती समद्यांनाच सापडंल. चला, गाडी लागली.” आणि पिशवी खांद्याला लावून गेल्या. नंतर भेट नाही.

साहेबांनी माणूस आणला. वाट काही त्याला पाडता आली नाही. हंगाम सुरू झाला तसे एका सकाळी साहेब स्वतःच आमच्या खोलीत आले. केबिनमधला पडदा त्यांचं ऐकत नव्हता. माझी खुर्ची घेऊन त्यांनी मेहुण्याचं नाव घातलं. पडद्यावर आलं, ‘थांबा. पुढं माने.’

पायमोज्यातल्या पायांनी साहेब चुळबुळत राहिले. मग म्हणाले, “माने, जरा लवकर आटपा.”

“आटपतोच साहेब,” माने म्हणाला, आणि हवालदारांची नवी नोंद एका बोटाने, एकेक अक्षर बघून बघून टाईप करू लागला.