अण्णांच्या डोळ्यांचा रंग

पर्वत पाटिया या कापडाच्या व्यापाराच्या भागातल्या एका स्टुडिओत मी साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो दुरुस्त करते. कॅमेऱ्यातून माझ्याकडे येते ती रॉ फाईल. ती म्हणजे अजून फोटो नव्हे. कॅमेऱ्यावर पडलेला सगळा उजेड तिच्यात कच्चाच साठवलेला असतो. पांढरं किती पांढरं, सावली किती गडद, हे नंतर कुणीतरी ठरवायचं असतं. ते ठरलं की मी जेपीजी काढते. मग ती कुठल्याही मोबाईलवर उघडते, व्यापाऱ्याकडे जाते, छापायला जाते. आमच्याकडे हे ठरतं ते कापडाकडे बघून. साडी जांभळी असेल तर जांभळीच दिसली पाहिजे, नेसणारीचा चेहरा कसा का दिसेना.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शहराबाहेर कडोदऱ्याला लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, कामाला होते. तरुणपणी खानदेशातून आले आणि तिथेच त्यांचं आयुष्य गेलं. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी ते अचानक स्टुडिओत आले. कामाची पाळी सोडून ते कुठे जात नसत. मी विचारलं तर म्हणाले, इकडे काम होतं, वाटलं तुझी जागा बघून जावी. फोटोग्राफर लाइट लावत होते, मॉडेल यायची होती. त्यांनी काका, जरा उभे राहा म्हणत अण्णांनाच पांढऱ्या कागदासमोर उभं केलं. अण्णांनी शर्टाची वरची गुंडी लावली, हातानं केस बसवले. पाठोपाठ काही फोटो निघाले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर मी ते पाहिले, छान वाटले. अण्णा पाणी प्यायले, थोडा वेळ माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि गेले.

पुढचा पावसाळा सरता सरता ते वारले. लिव्हर खराब झालं होतं. फार उशिरा कळलं, असंच मी धरून चालले होते.

भिंतीवर लावायला फोटो हवा होता. आधार कार्डावरचा ओळखू येत नव्हता, एका लग्नातल्या फोटोत निम्मा चेहरा दुसऱ्याच्या फेट्याआड होता. तेव्हा मला स्टुडिओतले ते फोटो आठवले. फोटोग्राफरनी जुन्या हार्ड डिस्कवरून फाईली शोधून दिल्या. घाईत मी त्या मोबाईलवर घेतल्या, तर नुसता राखाडी चौकोन दिसला. आत अण्णा होते आणि फाईल उघडत नव्हती. शेवटी कामाच्या कॉम्प्युटरवरच बसले.

सवयीनं आधी मागच्या कागदावर क्लिक करून पांढरा रंग पक्का केला. कागद पांढरा झाला, शर्ट पांढरा झाला. डोळे पिवळे राहिले. लाइटचा दोष असेल म्हणून रंग निळ्याकडे ओढला. कागद निळा पडला, शर्ट निळा पडला, चेहरा प्रेतासारखा दिसायला लागला. पुन्हा मागे आणला. फोटोतले डोळे झूम करून पाहिले. कावीळ होती. त्या दुपारी छोट्या पडद्यावर सगळंच थोडं पिवळसर होतं, त्यात ती दिसून आली नव्हती.

असा पिवळेपणा काढायला वेळ लागत नाही. मॉडेलच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी रोज काढते. अण्णांचे डोळे पांढरे केले, गाल जरा उजळले, जेपीजी काढली. मग राहवेना, म्हणून कशालाही हात न लावता दुसरी काढली.

घरी आईला आधी ती हात न लावलेलीच दाखवली. तिनं मोबाईल हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बोलली. त्या दिवशी अण्णा पर्वत पाटियाला डॉक्टरकडे आले होते. लिव्हरचा रिपोर्ट खिशात घेऊन, मला सांगायचं म्हणून तसेच स्टुडिओत आले. मी कामात होते, आजूबाजूला माणसं होती. न सांगताच परत गेले.

"त्यास्नी सांगेल व्हतं, पोरले काही सांगू नको. तिनं काम नवं शे."

तेव्हा मला स्टुडिओत लागून थोडेच दिवस झाले होते. औषधं घेत होते का, मी विचारलं. घेत होते, म्हणाली, पण पाळी सोडली नाही. मग दुरुस्त केलेलाही एक आहे म्हटल्यावर तिनं तो बघायला मागितला. डोळे पांढरे असलेला पाहिला आणि लगेच म्हणाली, भिंतीवर हाच लाव.

"हाऊ खरा नही शे, माय."

"माले ठाऊक शे. लोकस्ले कसाले दखाडानं?"

आजार लोकांना कशाला दाखवायचा, यावर मी वाद घातला नाही. तोच फोटो मोठा करून फ्रेम करून आणला आणि दारासमोरच्या भिंतीवर टांगला. रविवारी गावाकडची माणसं भेटायला आली. अण्णांची आत्येबहीण फोटोसमोर उभी राहिली, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, चेहऱ्यावर किती तेज होतं, आजारी माणूस वाटतच नाही. आईनं मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली. सगळे माझ्याकडे बघत होते. फोटो कुणी काढला, एकानं विचारलं. स्टुडिओत काढला होता, मी म्हणाले.