सारवलेली पडवी

आमच्याकडे घरातून प्रेत उचललं की मागे राहिलेल्या बायका घर झाडतात, धुतात, मातीची जमीन असेल तर सारवतात. हे कोणी कोणाला शिकवत नाही. चूल पेटवायची नसते, जेवण शेजारून येतं, आणि दिवेलागणीच्या आत घर निर्मळ झालेलं असतं. हे आधी सांगते, कारण पुढे पुण्या-मुंबईच्या आणि अमेरिकेच्या शहाण्यांनी एवढ्या एका गोष्टीवरून आभाळ डोक्यावर घेतलं, आणि त्यातल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं.

अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीच्या बाहेर, खाडीकडे उतरणाऱ्या आमच्या वाडीत शेजारच्या घरात तीन माणसं एका रात्रीत मारली गेली. आई, वडील आणि लग्नाची मुलगी. त्यांचा मुलगा पोफळीला वीजघरात नोकरीला होता, तिथल्याच कॉलनीत राहायचा. आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्या रात्री तो ड्युटीवर होता. सकाळी दुधाचं भांडं दारात तसंच राहिलेलं बघून माझी काकू हाका मारत आत गेली, आणि बाहेर आली ती ओटीच्या पायरीवर बसूनच राहिली. ते घर मी त्यानंतर वर्णन करून कोणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

पोफळीला फोन गेला. दादा दुपारी ऑफिसच्या जीपमधून आला. पोलिसांनी त्याला दारातूनच एकदा आत दाखवलं आणि आमच्या ओटीच्या पायरीवर आणून बसवलं. मी त्याला पाणी दिलं. पाण्याचा तांब्या हातात धरून तो संध्याकाळपर्यंत तिथेच बसला, उठला म्हणून नाही. पंचनामा झाला, तिघांना सिव्हिलला नेलं, पोलिसांनी माजघराला कुलूप ठोकून सील केलं आणि गेले. मी आमच्या घरात पिठलं-भात टाकला. आणि माझ्या काकूने, वाडीतल्या आणखी दोघींना हाताशी घेऊन, त्यांच्या घराची ओटी धुतली आणि मागची पडवी शेणाने सारवली.

दुसऱ्या दिवशी बाहेरून ठसेवाला आला आणि कुत्रा आला. कुत्रा अंगणात दोनदा फिरला आणि शेणाचा वास घेत पडवीत बसला. पोलिसांचे साहेब काकूच्या अंगावर ओरडले, "कोणी सांगितलं होतं सारवायला?"

काकू म्हणाली, "सांगायला कशाला लागतं?"

त्या प्रकरणात पुढे काहीच झालं नाही. दादाला दोन-तीनदा नेलं, सोडलं. कामावरची हजेरी होती, बरोबरच्या माणसांच्या जबान्या होत्या. गुप्तधन, भाऊबंदकी, खाडीतून आलेली होडी, सगळं बोलून झालं आणि लोक दमले. दादाने घराला कुलूप घातलं. वर्षातून एकदा श्राद्धाला यायचा, आमच्याकडे जेवायचा आणि जायचा. लग्न केलं नाही. एक-दोन ठिकाणी बोलणी झाली, पण मुलीकडचे चौकशी करतात ना, आणि चौकशीत काय कळणार ते उघड होतं.

सहा-सात वर्षं गेली. आखातातून परत आलेल्या एका चाचांनी बाजारात कॉम्प्युटर आणून इंटरनेटचं दुकान काढलं आणि मी तिथे बसायला लागले. निकाल बघायला पोरं यायची, दुबईत असलेल्या नवऱ्याशी बोलायला बायका यायच्या, त्यांना बटणं दाखवायचं माझं काम. अर्धा दिवस भारनियमन. वीज करणारं पोफळी आमच्याच जिल्ह्यात आणि अंधारही आमच्याच नशिबाला, असं चाचा रोज एकदा म्हणायचे. मी 'बरोबर आहे चाचा' म्हणायचे.

मुंबईच्या एका पेपरात न उलगडलेल्या खुनांवर काहीतरी छापून आलं होतं. त्यावरून कोणीतरी इंटरनेटवर चर्चेचं पान काढलं, आणि मला ते दिसलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, मध्येच खरं इंग्रजी, आणि नावं अशी की माणूस आहे की मोटारसायकल कळू नये. त्यांनी आमच्या शेजारच्या घराचा नकाशा काढला होता. विहीर चक्क पुढच्या अंगणात. विहीर कुठे आहे हे ज्या मेल्याला माहीत नाही, तो खुनी कोण ते सांगत होता.

आणि खुनी त्यांच्या मते ठरलेला होता. पोफळीहून रात्री मोटारसायकलने निघालं तर पहाटेच्या आत परत जाता येतं, हे एकाने हिशेब करून मांडलं होतं. दुसऱ्याने म्हटलं, हजेरी काय, मित्र लावतात. तिसरा म्हणाला, सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे मुलाने त्याच संध्याकाळी घर धुऊन काढलं. निर्दोष माणूस घर का धुईल? त्याखाली पंचवीस जणांनी माना डोलावल्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी लिहिलं. नाव न देता लिहिलं, की घर मुलाने धुतलं नाही, शेजारच्या बायकांनी धुतलं, आमच्याकडे तशी रीत आहे. विहीर मागे आहे, तेही लिहिलं. तासाभरात उत्तर आलं, 'तुम्हाला घराची एवढी माहिती कशी?' त्याच्याखाली दुसरं, 'हा तोच आहे. बाई बनून लिहितोय.'

चाचा पाठीमागून वाचत होते. म्हणाले, "लिहू नको गो पोरी. चिखलात दगड टाकलास तर तुझ्याच अंगावर उडणार."

पण मी कसली ऐकते. मी रोज लिहायचे. जितकं लिहीन तितका दादा अडकत जायचा. मी शांतपणे लिहिलं तर 'बघा, किती तयारीने लिहितो', चिडून लिहिलं तर 'बघा, कसा बिथरला'. माझ्या आयुष्यात इतकी लाचार मी कधी झाले नाही. समोर माणूस असता तर त्याचा हात धरून वाडीत आणला असता, विहीर दाखवली असती, काकूसमोर उभा केला असता. इथे धरायचं कोणाला?

त्या वर्षी दादा श्राद्धाला आला तो सरळ दुकानात आला. मी घाईघाईने ते पान बंद करायला गेले तर म्हणाला, "राहू दे. मी वाचतो ते. कॉलनीत आहे कॉम्प्युटर."

मी म्हटलं, "कशाला वाचतोस रे असलं?"

"पोलीस स्टेशनात आता मी गेलो की नवीन माणूस विचारतो, कुठलं प्रकरण? इथे निदान कोणी विचारत नाही." मग म्हणाला, "आणि एवढे जण डोकं लढवतायत. एखाद्याचं खरं असलं तर?"

त्याच्या डोळ्यांत खरोखर आशा होती. जे त्याला फासावर चढवायला बसले होते त्यांच्याकडूनच त्याला आईबापांचा मारेकरी हवा होता. मी चहा मागवला.

घरी येऊन हे सगळं मी काकूला सांगितलं, आणि तिथून खरं बिघडलं. तोवर तिला त्या पानाचा पत्ता नव्हता. ती सुपात तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे मी सारवलं म्हणून त्याच्या माथी आलं?"

"तसं नाही गो काकू."

"तसंच आहे. तू लिही. माझं नाव घाल, वय घाल. म्हणावं मी सारवलंय, या माझ्याकडे."

नाव घातलं नाही, पण बाकी ती म्हणाली तसं दुसऱ्या दिवशी टंकलं. तिला घेऊनच गेले दुकानात. चाचांनी खुर्ची पुसून दिली. काकू पदर सावरून त्या पडद्यासमोर बसली, कोर्टात बसल्यासारखी. वरच एकाने जरा बऱ्या भाषेत विचारलं होतं, मातीची जमीन होती तर पावलांचे ठसे कोणी पाहिले होते का. इतक्या कचऱ्यात तेवढाच एक शहाणा प्रश्न. मी तो तिला वाचून दाखवला.

काकू म्हणाली, "होती."

"काय होती?"

"पावलं. मागच्या दारापासून पडवीच्या कडेपर्यंत. अनवाणी. मला वाटलं पोलिसांची असतील, सकाळपासून नाचतच होते सगळे." तिने माझ्याकडे पाहिलं. "पण पोलिसांच्या पायात बूट होते, नाही गो?"

पंखा फिरत होता, शेजारच्या खुर्चीतलं पोरगं गाणी ऐकत होतं. काकू म्हणाली, "लिही. खरं ते लिही. खऱ्याला काय मरण." आणि मी, तिच्या देखत, लिहिलं.

उत्तरं आली ती काय सांगू. 'आता गोष्ट बदलली.' 'इतकी वर्षं म्हातारी झोपली होती का?' 'पावलं मुलाचीच, म्हणून पुसायला लावली.' मी काकूला त्यातलं काही वाचून दाखवलं नाही. पण तिला त्याची गरजच नव्हती. तिने स्वतःच्या मनाशी खटला चालवून स्वतःला शिक्षा देऊन टाकली होती. जेवण सुटलं. माझं घर मी शेणाने सारवणार नाही म्हणाली, आणि आमच्या अंगणाला पोपडे धरायला लागले.

दादाने ते पोफळीत वाचलं. रविवारी आला. बोलावलं नव्हतं, श्राद्धही नव्हतं. काकू ओटीवर बसली होती. त्याला बघून ती उठायला लागली तर त्याने तिला हाताने खाली बसवलं आणि स्वतः पायरीवर बसला, त्या दिवशी बसला होता तिथेच.

"काकू, ती पावलं वाचली मी."

हात जोडले काकूने, स्वतःच्या मुलाच्या वयाच्या माणसापुढे.

"अगो, असं काय करतेस? ती माझीच असणार. त्या दुपारी मी मागे विहिरीवर गेलो होतो पाय धुवायला. चपला इथे काढलेल्या. तसाच मागच्या दारातून आत डोकावून आलो. तू उगाच जिवाला लावून घेतलंस."

काकूने विचारलं, "खरं सांगतोस?"

"तुझ्या गळ्याशपथ."

मी दारात उभी होते. त्या दुपारी त्याला पाणी मी दिलं होतं. तो पायरीवरून हलला नव्हता, चपलासुद्धा पायातच होत्या, कारण तो निघाला तेव्हा तांब्या परत घेताना मी त्या पाहिल्या होत्या. हे त्याला माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही माहीत होतं. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. ज्या माणसाच्या डोक्यावर इतकी वर्षं संशय, त्याने जी पावलं शोधण्यात उरलेला जन्म घालवला असता ती स्वतःच्या नावावर करून टाकली, एका म्हातारीला जेवण जावं म्हणून. मला रडू आलं आणि रागही आला, त्याचा, तिचा, त्या शेणाचा, कोणाचा ते कळेना.

काकू त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. त्याला आग्रहाने सोलकढी वाढली. तो गेला तसा माझ्यामागे लागली.

"उद्या जाशील तेव्हा लिही हो. म्हणावं, ती पावलं त्याचीच होती. त्याने स्वतः येऊन सांगितलं. म्हणजे मिटलं सगळं."

तिच्या लेखी ते पाऊल म्हणजे पाय धुवायला गेलेल्या पोराचं पाऊल. त्या पानावर तेच वाक्य गेलं असतं तर त्याच दिवशी तिथे फटाके वाजले असते, आणि मग त्याचं खरं या जगात कोणीही ऐकलं नसतं. हे तिला समजवायचं तर आधी सांगावं लागलं असतं की तो खोटं बोलला. म्हणजे पुन्हा ती पावलं तिच्या गळ्यात.

"लिहीन," मी म्हटलं.

दुसऱ्या संध्याकाळी मी घरी आले तर ती हातपाय धुऊन, अंगण सारवून बसली होती. ओल्या शेणाचा वास सुटला होता.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय म्हणाले ते?"

"काही नाही म्हणाले."

"बघ," काकू म्हणाली, "पटलं त्यांना." आणि मला पाय पुसून ये म्हणाली, सारवण अजून ओलं होतं.