वानोळ्याचा डबा

आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक पितळी डबा बरेच दिवस पडून होता. तो आमचा नव्हता. दुसऱ्या लाटेत वडिलांना ताप चढला त्या सकाळी शेजारच्या सिस्टरांनी तो आणला होता. जळगावात तेव्हा तपासणीचं किट कुठेच मिळत नव्हतं. सिस्टर पारोळ्याकडच्या एका आरोग्य केंद्रात नोकरीला होत्या आणि रोज येऊन-जाऊन करायच्या. त्यांनी डब्यातली वरची चार वांगी बाजूला केली आणि खालून किट काढलं. वडिलांच्या नाकात काडी फिरवली, थोड्या वेळाने पट्टीवर दोन रेघा उमटल्या. सिस्टरांनी केंद्राच्या शिक्क्याची चिठ्ठी लिहून दिली आणि त्या चिठ्ठीवर दुपारी वडिलांना दवाखान्यात खाट मिळाली. वडील वाचले. डबा मात्र आमच्याकडेच राहिला. बायको म्हणायची, "रिकामा कसा परत करायचा? काहीतरी घालून देऊ." त्या दिवसांत घालून द्यायला घरात धड काही नव्हतं, आणि नंतर आम्ही विसरलो.

किट आलं कुठून, हे मी सिस्टरांना विचारलं नाही. एरवी मी असल्या गोष्टी विचारल्याशिवाय राहत नाही, कारण आरोग्य खात्यात माझी नोकरीच साठा तपासण्याची. कोणत्या केंद्राला काय गेलं, किती वापरलं, किती उरलं, ते जुळवायचं. जुळलं नाही की माझं डोकं तापतं. बायको म्हणते, घरातल्या चहाच्या कपबश्यासुद्धा मी मोजतो. ते काही अगदी खोटं नाही.

वडील घरी येऊन आठवडा झाला असेल, तेव्हा विभागाच्या साहेबांनी मला बोलावलं. धुळे जिल्ह्यात, सोनगीरच्या पुढे एका गावातल्या केंद्रात किटची दोन खोकी कमी भरत होती. तिथल्या लोकांची चौकशी तिथल्याच माणसाने करू नये म्हणून जळगावचा माणूस हवा होता. साठा एका बाईंच्या ताब्यात होता. प्रयोगशाळेचं काम त्याच बघायच्या, कंत्राटी होत्या, आणि सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. साहेब म्हणाले, "चोरी असेल तर चोरी लिहा. उद्याच त्यांना घरी बसवतो." मी मनातल्या मनात तो अहवाल जीपमध्ये बसायच्या आधीच लिहून टाकला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

केंद्रावर सकाळपासूनची रांग होती आणि दारावर 'किट संपले' अशी पाटी. अक्का पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, तोंडावर दोन मास्क. त्यांनी माझ्यापुढे रजिस्टर ठेवलं आणि हात बांधून उभ्या राहिल्या. रजिस्टर स्वच्छ होतं. खोकी आली तेवढी लिहिलेली, तपासलेल्या माणसांची नावं लिहिलेली. फक्त किट जास्त खर्ची पडले होते आणि माणसं कमी तपासली गेली होती.

"अक्का, मधले किट गेले कुठे?"

"चोरी नही शे, भाऊ."

"मग काय आहे?"

"ते माले सांगता येत नही."

यापुढे त्या ताकास तूर लागू देईनात. मी आवाज चढवला, चौकशीचं पत्र दाखवलं, नोकरी जाईल असंही म्हणालो. त्या म्हणाल्या, "जाई तर जाई." आणि रांगेतल्या एका म्हातारीला प्यायला पाणी द्यायला निघून गेल्या. मला इतका राग आला की मी रजिस्टर उलटं धरून वाचत होतो, हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

बाहेर आलो तर व्हरांड्यातल्या बाकावर एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल, डोकं नुकतंच भादरलेलं. मी चौकशीला आलोय हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. तो उठला.

"साहेब, एकच सांगा. मी मन्हा बापले आठे लई उनू. किट नही शे म्हने. दुसरा दिन परत उनू, तरी नही. धुयाले नेलं, तर कागद नही म्हनीसन दवाखानामा लेतस नही." बापाला धुळ्यालाही कागदाशिवाय घेतलं नाही आणि तो गेला, एवढं मला कळलं. तो पुढे म्हणाला, "त्या दिनले किट व्हतात का नही व्हतात?"

मी म्हणालो, तेच तपासतोय. तो पुन्हा बाकावर बसला. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी नरडाण्याच्या बाजूच्या केंद्रावर गेलो, कारण तिथलं रजिस्टर मिळालं की निदान ताळा लागेल असं वाटलं. लागला नाही. तिथल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत किटची रिकामी पाकिटं होती आणि त्यांच्यावरचा बॅच नंबर अक्कांच्या खोक्यांचा होता. म्हणजे माल इथे आला होता. पण यांच्या रजिस्टरात तो आल्याची नोंद नव्हती, आणि यांचं स्वतःचं खोकं सरकारातून अजून आलंच नव्हतं. मग हा माल आणला कुणी? दुसऱ्या दिवशी पारोळ्याच्या अलीकडे एका केंद्रात त्याच नंबरची पाकिटं दिसली. तिथल्या बॅचचे हातमोजे अक्कांच्या कपाटात मी आदल्या दिवशी पाहिले होते. प्रत्येक केंद्र रोज संध्याकाळी वर कळवत होतं, किट शून्य. आणि प्रत्येक केंद्रात दुसऱ्याचे किट वापरले जात होते.

मी कागदावर गावांचे गोल काढले आणि माल जिथून जिथे गेला तिथे बाण ओढले. थोड्या वेळाने कागदावर बाणच बाण झाले. चोरी म्हणावी तर चोराकडे माल राहायला हवा ना. इथे प्रत्येकाचा माल शेजाऱ्याकडे. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं दिसत होतं, पण कुठे, ते काही केल्या कळेना. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, जेवून घ्या, मग कळेल." जेवलो. तरी कळलं नाही.

परतताना पुन्हा नरडाण्याच्या बाजूच्या केंद्रावर थांबलो. तिथल्या सिस्टरच्या टेबलाखाली स्टीलचा एक मोठा डबा होता. त्यावर नाव कोरलेलं होतं, पण ते त्या सिस्टरचं नव्हतं. माझी सवयच वाईट, विचारलं.

"वानोळ्याचा आहे," ती म्हणाली. "परत द्यायचाय."

"मग देत का नाही?"

"रिकामा कसा देऊ, साहेब? आमचं खोकं आलं की त्यातून..." तिने जीभ चावली आणि डबा पायाने आत सरकवला. मी खिशातून बाणांचा कागद काढला.

आमच्याकडे शेतात नवं काही निघालं, झाडाला केळीचा घड लागला, भरताची वांगी आली, की चार घरी पाठवायची. तो वानोळा. आणि वानोळ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. त्यात काहीतरी घालून द्यायचं, मग ते मूठभर तीळ का असेना. अक्कांकडे खोकी आली तेव्हा शेजारच्या केंद्रात काहीच नव्हतं. त्यांनी डब्यात घालून थोडे थोडे किट पाठवले, वर वांगी ठेवून. त्या केंद्रातल्या बाईंनी त्यातले थोडे पुढे पाठवले. कुणी डब्यातून हातमोजे परत पाठवले, कुणी स्वॅबच्या काड्या. ज्यांच्याकडे आले त्यांनी माणसं तपासली, चिठ्ठ्या दिल्या, पण रजिस्टरात लिहिणार कसं? मिळालेल्या किटपेक्षा तपासलेली माणसं जास्त झाली असती. म्हणून ती नावं सुट्या कागदावर राहिली. जिल्ह्याची हद्दसुद्धा त्या डब्यांनी ओलांडली.

मी जीप वळवायला सांगितली आणि अक्कांसमोर जाऊन बसलो. मला सगळं कळलंय म्हटल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

"लिहून का नाही ठेवलं, अक्का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझाच प्रश्न खुळा वाटला. "वानोळा कोनी लिखी ठेवस का, भाऊ?"

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"तवय सांगतू तर मन्ही एकलीनी नोकरी जाती का? त्या चार जनीसनी बी जाती."

मग मी बाकावरच्या माणसाचा विषय काढला. अक्कांचे डोळे मास्कच्या वर भरून आले. त्या म्हणाल्या, त्याचा बाप आला त्याच्या आदल्या दिवशी शेवटचा डबा पारोळ्याकडे गेला. नवं खोकं उद्या येईल असा निरोप होता, म्हणून त्यांनी हात राखला नाही. खोकं आलं नाही. "माले काय ठाऊक?" हे त्या तीनदा म्हणाल्या. मला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी त्यांचा रागही आला, आणि दोन्हींतलं कोणतं खरं ते मला आजही सांगता येत नाही.

मी निघताना त्या म्हणाल्या, "ज्या डबामा शेवटला किट गयात ना, तो मन्ही सासूना पितळना डबा. तो बी परत उना नही."

ड्रायव्हरला मी जीप सरळ जळगावला घ्यायला सांगितली. घरी आलो आणि बूट न काढताच ओट्याकडे गेलो. डब्याच्या झाकणाखाली गोल वळणाची अक्षरं होती. इतके दिवस आम्ही त्यावर चहाचं गाळणं ठेवत होतो, आणि ती कधी वाचली नव्हती. आडनाव अक्कांचं होतं, नाव त्यांच्या सासूबाईंचं. आतल्या खोलीत वडील रेडिओ ऐकत होते. मी दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिलो. ते म्हणाले, "काय रे, काय झालं?" मी म्हणालो, काही नाही.

अहवाल लिहायला मला चार दिवस लागले. चोरी नाही असं लिहिलं. डबे कुठून कुठे गेले ते लिहिलं, सुट्या कागदांवरची नावं जोडली, आणि शेवटच्या डब्यातलं एक किट माझ्या घरी वापरलं गेलं हेही लिहिलं. साहेब म्हणाले, "ही ओळ काढा. स्वतःच्या पायावर कशाला धोंडा पाडून घेताय?" मी काढली नाही. यात मोठेपणा काही नव्हता. ती ओळ काढली की बाकीचं जुळत नव्हतं. अक्कांना समज दिली, पण नोकरी राहिली. इतर बायकांनाही समज मिळाली, आणि मला एक मेमो.

मग एका रविवारी बायकोने डबा चिंचेने घासून लख्ख केला आणि त्यात केळीचे वेफर भरले. मी तो अक्कांना नेऊन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि झाकणाखालचं नाव पदराने पुसलं. मी त्यांना त्या माणसाचं घर विचारलं. त्यांनी बाहेर येऊन बोटाने दाखवलं.

तो अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचत होता. त्याने मला ओळखलं आणि खाट पुढे ओढली. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

म्हणालो, "तुम्ही विचारलं होतं. त्या दिवशी केंद्रात किट नव्हते. पण आदल्या दिवशी होते. ते दुसऱ्या गावांना गेले. त्यातलं एक जळगावला आमच्या घरी आलं. माझ्या वडिलांना ताप होता."

तो हातातली पऱ्हाटी तशीच धरून उभा राहिला. मला वाटलं, आता हा काहीतरी म्हणेल, आणि जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं मी ठरवून आलो होतो.

"मंग," तो म्हणाला, "तुम्हना बाप आते कसा शे?"

"बरे आहेत."

त्याने मान हलवली आणि पऱ्हाटी ढिगावर ठेवली. "चांगलं व्हयनं," म्हणाला, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेला.