टॉर्चचं वाण

आमच्या सौ. अलकाने देव गॅरेजमध्ये नेऊन बसवले, तेव्हाच मी ओळखलं, यंदाच्या हिवाळ्याशी ही बाई दोन हात करणार.

कारण मी. कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात माझा जन्म गेला, आणि म्हातारपणी माझ्याच नाकात नळी आली. कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घरघरतं, तेही विजेवर. वीज गेली तर एक सिलिंडर, काही तासांपुरता. ऑक्सिजनजवळ ज्योत चालत नाही, म्हणून देवांची रवानगी गॅरेजमध्ये. सांजवात लावायला अलका तिथं कोट घालून कुडकुडत जायची.

"अगं, हे इंग्लंड आहे. इथं लोडशेडिंग नसतं," मी म्हणायचो.

"झाडं असतात ना? आपल्या खेड्यातल्या तारांवर पडायला तेवढी पुरे."

मग डोळ्यांना टॉवेल बांधून सिलिंडर उघडायची प्रॅक्टिस. बोटांत संधिवात, त्यात चावी घट्ट. चुकली की स्वतःलाच दटावायची, "पुन्हा!" मी वैतागायचो. "मी अजून जिवंत आहे बाई, रंगीत तालीम कसली करतेस?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कहर झाला. वाट्या नाहीत, डबे नाहीत, बायकांना वाण म्हणून टॉर्च! मेन रोडपलीकडच्या नव्या वसाहतीतली अर्चना पोट धरून हसली. "काकू, पुढच्या वर्षी छत्र्या लुटणार का?"

"हस, हस! पण आमच्याकडे अंधारात यायची वेळ आली, तर मेणबत्ती नको, हे घेऊन ये. आणि तुमच्याकडे तारा जमिनीखालून आहेत, तेव्हा आम्ही तुझ्याकडेच येणार. सांगून ठेवते."

त्याच आठवड्यात, २००७च्या जानेवारीत, ते वादळ आलं. चहाच्या सुमाराला बाहेर काळोख, वारा नुसता पिसाळलेला. दिवे गेले. मशीन किंचाळलं आणि थंड पडलं. खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली.

"अलका! अगं..."

"गप्प बसा. श्वास जपून वापरा." अंधारात चावी कुरकुरली, एकदाच. नाकात गार हवा आली.

वीज कंपनीला फोन लावला, तर सकाळपर्यंत आशा नाही म्हणाले. सिलिंडर तेवढा पुरणार नव्हता. गल्लीच्या तोंडाशी झाड आडवं पडलेलं, त्यामुळे गाडी नाही की ॲम्ब्युलन्स नाही. अलकाने मोबाइलवरून दोन फोन केले, अर्चनाला आणि शेजारच्या मार्गारेटला. दोघी आल्या, हातात वाणाचे टॉर्च घेऊन.

अर्चना माझी व्हीलचेअर ढकलत होती, सिलिंडर माझ्या मांडीवर, आणि मशीन मार्गारेटच्या बागेतल्या हातगाडीत. झाडाला वळसा घालून चिखलातून निघालो. पुढे अलका, वाऱ्याशी भांडल्यासारखी ओरडत, "डावीकडे घे! खड्डा आहे! थांबायचं नाही!" आणि आम्ही कुणी थांबलो नाही.

अर्चनाच्या घरात लख्ख उजेड. मशीनचा प्लग लागला, घरघर सुरू झाली. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. तेवढ्यात अर्चना लगबगीने तबक घेऊन आली. "काका एवढ्या संकटातून सुखरूप आलेत, ओवाळते!" तबकात तुपाचं निरांजन, पेटलेलं!

"अगं बये! लांब हो, विझव ते!" अलका कडाडली.

अर्चनाचा चेहरा पांढराफटक. पोरीने दारापलीकडे पळत जाऊन फुंकर मारली आणि रडवेली होऊन तबक धरून तिथंच उभी राहिली. अलका तिच्याजवळ गेली. निरांजन उचलून बाजूला ठेवलं, तबकात आपला टॉर्च ठेवला आणि बटण दाबलं.

"ये आता. ओवाळ."

अर्चनाने ओवाळलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. मी तबक तिच्या हातातून घेतलं, अलकाला समोर बसवलं आणि तिला ओवाळायला लागलो.

"अहो, हे काय भलतंच! पुरुषांनी कधी बायकोला..."

"गप्प बस," मी म्हणालो. "श्वास जपून वापर."