कडूनिंबाखालचा वर्ग

कामरगावच्या शाळेत मी आणि माझे एक सहकारी सर सोबत शिकवायचो. कोणी साहेब येणार म्हणून पोरं स्वागताला रांगेत उभी केली, की ते सर भडकायचे, "लेकरायले उन्हात काहून तापवून राह्यले?" आणि आपला वर्ग सरळ कडूनिंबाखाली न्यायचे.

पुढे ते मुख्याध्यापक झाले, मग गटशिक्षणाधिकारी. आता जिल्ह्याचे मोठे साहेब आहेत. वाक्यागणिक चष्मा पुसायची सवय मात्र तीच.

परवा ते आमच्या शाळेत आले. मांडवात, कूलरसमोर चष्मा पुसत त्यांनी लेकरांच्या आरोग्यावर लांबलचक भाषण केलं. लेकरं समोर उन्हात होती. माझा वर्ग तेवढा कडूनिंबाखाली बसला होता.

जाताना त्यांनी गाडीची काच खाली केली. "सर, तुमचा वर्ग रांगेत नव्हता. असं वागाले कोनं शिकवलं तुमाले?"