कैचीबाईची तीस झुडपं

तिचं खरं नाव फक्त बागेच्या हजेरीवहीत होतं. बाकी सगळ्यांची ती कैचीबाई. एक कैची हातात, दुसरी तोंडात, आणि धार दुसरीलाच जास्त. सरकारी बागेत बावीस वर्षं रोजंदारीवर राबली, पण एकाही साहेबापुढे नुसतं "हो साहेब" म्हणून गप्प बसली असेल तर शपथ!

आणि का बसावं गप्प? गुलाबातलं तिला कळत होतं. बाप समुद्राकाठच्या बागेत माळी. तिथल्या दमट हवेत गुलाबाच्या पानांवर काळे डाग पडायचे, म्हणून तो दोन झुडपांमध्ये माणूस आडवा झोपेल एवढी जागा सोडायचा. लग्न होऊन ती डोंगरावरच्या थंड गावात गेली. तिथे सासरे एका बंगल्याची बाग बघायचे. त्या बागेत इंग्लिश गुलाबांची झुडपं होती, वाटीएवढी पाकळ्यांनी गच्च भरलेली फुलं. थंडी सरताना ती झुडपं गुडघ्यापर्यंत छाटायची, आणि सुनेचा हात थांबला की सासरे ओरडायचे, "अजून खाली! माया करू नकोस!" नवरा गेल्यावर लेकीला पोटाशी धरून ती या उन्हाच्या शहरात आली, आणि इथल्या गुलाबांशी तिने पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घेतली.

मग नवे अधीक्षक आले. येताना त्यांनी परदेशातून इंग्लिश गुलाबाची साठ झुडपं मागवली आणि सोबत एक गुळगुळीत रंगीत पुस्तक. पहिल्या पावसाळ्या-हिवाळ्यात झुडपं मजेत वाढली. थंडी सरायला लागली तसे साहेब पुस्तक उघडून वाफ्यापाशी उभे राहिले.

"गुडघ्याइतकी छाटायची. सगळी. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"पुस्तक खोटं नाही साहेब, त्याचा पत्ता चुकलाय," कैचीबाई म्हणाली. "ज्या गावचं ते आहे, तिथे थंडीनंतर गारवा असतो. इथे भट्टी पेटते. पानं काढल्यावर फांद्यांवर सावली कोण धरणार? तुम्ही?"

माळ्यांनी माना खाली घातल्या, कारण हसू आवरत नव्हतं. साहेबांचे कान लाल झाले.

"तुम्ही मला शिकवणार, बाई?"

"शिकणार असाल तर."

झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. डाव्या वाफ्यातली तीस झुडपं साहेबांनी स्वतः उभं राहून कापून घेतली. उजव्या वाफ्यातली तीस तशीच कापायला सांगून कैचीबाईवर सोपवली आणि ते गेले. तिने वाळक्या आणि सुतासारख्या बारीक फांद्या काढल्या, बुंध्याशी वाळल्या पाल्याचा जाड थर दिला, आणि एकाही हिरव्या फांदीला हात लावला नाही. मोठी छाटणी येणारा उन्हाळा संपल्यावर, असं तिने परस्पर ठरवून टाकलं.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या हातात कागद पडला. खाली सहीपुरती जागा सोडून टाइप केलेला माफीनामा. 'मी वरिष्ठांचा आदेश मोडून झाडांचं नुकसान केलं, त्याबद्दल बिनशर्त माफी मागते.' सही केली तर या वर्षीच्या कायम कामगारांच्या यादीत नाव. नाही केली तर चौकशी. आणि बाईला चोपन्न लागलेलं. पंचावन्न उलटली की यादीत नाव घेतच नाहीत, मग म्हातारपणी पेन्शन नाही, काही नाही.

"आई, एक सही तर करायची आहे," लेक म्हणाली. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"मासा असता तर जमवून घेतलं असतं गं."

"विनोद नको करूस. गुडघे बघ तुझे. आणखी किती वर्षं उकिडवी बसणार आहेस?"

"नुकसान केलं, असं लिहिलंय त्यात!" कैचीबाईचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "आदेश मोडला, बरोबर आहे. शंभरदा मोडीन. पण झाडांचं वाईट केलं असं मी माझ्या हाताने लिहू?" तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाच राग येऊन तिने भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती ती. लेकीने मग तो विषय काढला नाही.

उन्हाळा आला तो खाऊ की गिळू करत. डाव्या वाफ्यातल्या उघड्या फांद्या उन्हाच्या बाजूने काळ्या पडल्या आणि वरून खाली वाळत गेल्या. तिसातली चार जगली, सव्वीस गेली. पण उजवा वाफाही काही डोलत नव्हता. पानं चामड्यासारखी झाली, वाढ थांबली, औषधाला एक फूल नाही. त्यात भिंतीलगतची नऊ झुडपं मेली. भिंत दुपारभर तापून त्यांना भाजत होती, हे तिला कळायला उशीर झाला. तिथे सावलीची जाळी बांधली तोवर बुंधे गेले होते. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

चौकशीला मुख्य कार्यालयातून मोठ्या मॅडम आल्या, त्याही ऐन उन्हाच्या तडाख्यात.

"बघा मॅडम," अधीक्षक म्हणाले, "दोन्ही वाफे सारखेच. एकाही झाडावर फूल नाही."

"का हो बाई?" मॅडमनी विचारलं.

"या उन्हात तुम्ही तरी हसाल का मॅडम? झोपलंय ते. थंड गावात हिवाळ्यात झोपतं, इथे उन्हाळ्यात. झोपलेल्याला मेलेला म्हणायचं असेल तर ऑफिसात दुपारी एक चक्कर मारा." असं म्हणून तिने उजवीकडच्या एका फांदीची साल नखाने खरवडली. आत ओला हिरवा रंग. मग डावीकडची खरवडली. आत लाकूड, खडखडीत.

मॅडम छत्री मिटून वाफ्यात उतरल्या आणि एकेक झाड नखाने बघत गेल्या. उजवीकडे एकवीस हिरवी. भिंतीपाशी त्या थांबल्या.

"आणि ही नऊ?"

अधीक्षकांचा चेहरा उजळला. बाईला पाणी कमी आलं म्हणता आलं असतं, रोपंच कच्ची होती म्हणता आलं असतं.

"ती माझ्या हातून गेली," कैचीबाई म्हणाली. "भिंतीचा ताप ध्यानात यायला हवा होता. नाही आला."

मॅडमनी ऑफिसात जाऊन तो माफीनामा टेबलावर ठेवला. "बाई, माफी लेखी लागते. त्याशिवाय तुमची फाइल पुढे जात नाही. माझाही इलाज नाही."

कैचीबाईने कागद उचलला, पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर सावकाश, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: 'तीस झुडपं माझ्या हाती होती. नऊ मेली, एकवीस जगली. नवांची माफी मागते. एकविसांची मागणार नाही.' खाली सही ठोकली.

मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि शेजारी लिहिलं, 'माफी मिळाली. नाव यादीत घ्यावं.'

"पण मॅडम, ही अर्धवट माफी आहे!" अधीक्षक उसळले.

"उरलेली सव्वीस झुडपांची तुमच्याकडे आहे साहेब," कैचीबाई म्हणाली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.