पितळी पट्टीखालचे तीन टाके

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. आरोपीवर नाही, आमच्या खात्याच्या कागदी शिस्तीवर आणि त्याहून जास्त स्वतःवर.

बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एके दिवशी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, चौसाळ्याजवळच्या ढाब्यावर रायफल टांगलेली हाय. आपल्या ठाण्यातल्या थ्री-नॉट-थ्रीवानी दिसती."

भर दुपारी पंच घेऊन गेलो. नळी पाण्याच्या पाइपाची निघाली, मागचा लाकडी दस्ता मात्र अस्सल, इंग्रजांच्या युद्धकाळातला. ढाबेवाला हात जोडून म्हणाला, "शोभेसाठी घेतली, साहेब. नेकनूरच्या मिस्त्रीनं करून दिली."

मिस्त्रीला ठाण्यात आणलं. साठी ओलांडलेला मुसलमान सुतार, बोटांवर जुन्या जखमांचे व्रण.

"दस्ता कुठून आणला?"

"तुमच्याच ठाण्यातला हाय, साहेब."

मी मुस्काटात ठेवून दिली. ठाण्यातल्या सगळ्या रायफली जागेवर होत्या. दोनच महिन्यांपूर्वी शस्त्रांची तपासणी करून 'सर्व मूळ स्थितीत' असा शेरा मारून मीच सही केली होती. आणि हा माणूस मला तोंडावर खोटं ठरवत होता!

गाल चोळत तो बोलत राहिला. "तुमच्या आधीच्या साहेबांनी मला बोलावलं व्हतं. चार नवे दस्ते करून घेतले. तीन जुने त्येंनी घरी नेले. एक चिरलेला व्हता, तो मला जळणाला दिला. पण आक्रोडाचं लाकूड, साहेब. लई दिस ठिवलं, जाळू वाटंना."

मी विश्वास ठेवला नाही. शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल करून त्याला लॉकअपमध्ये घातलं. त्याची बायको डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली. म्हातारपणी नवरा तुरुंगात जाणार, एवढंच तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रागाराच्या हवालदाराने तो दस्ता हातात घेतला आणि त्याचा चेहरा बदलला.

"साहेब, युद्धातलं मूळ लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा केसभर वर आसतं. लाकडावर ठोकलेल्या कारखान्याच्या शिक्क्यांच्या कडा झिजलेल्या, आत तेल मुरलेलं. ह्यो तसाच हाय. आन् आपल्याकडच्या चार रायफलींवर शिक्काच न्हाई."

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणी इचारलंच न्हाई."

त्याच्यावर ओरडलो खरा, पण तो खोटं बोलत नव्हता. आमच्या तपासणीची रीतच तशी. आदल्या दिवशी सगळ्या दस्त्यांना जवसाचं तेल आणि गडद पॉलिश फासायचं, की जुनं-नवं सारखंच काळं. साहेबाने लोखंडावरचा नंबर ऐकायचा, हवालदाराने रजिस्टरात खूण करायची. लाकडाकडे बघतो कोण?

चारही रायफली टेबलावर ठेवल्या. मिस्त्रीला बाहेर काढलं. तो लांबूनच म्हणाला, "मागची पितळी पट्टी काढा. झाकल्या जागी पटाशीनं मारलेले तीन टाके आसतील, माझी खूण. आमच्या घरात आज्यापासनं हीच रीत हाय."

हवालदाराने एकेक पट्टी खोलली. चारही दस्त्यांवर तीन-तीन टाके.

मी वरिष्ठांना फोन केला. ते वैतागले. "त्या रायफली आता भंगारात जायच्या आहेत. लाकडासाठी खात्याची अब्रू घालवता? सुतारावर दोषारोपपत्र पाठवा आणि मोकळे व्हा."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. एका साहेबाला दिवाणखान्यात शोभा हवी होती, दुसऱ्याला अब्रू सांभाळायची होती, आणि त्यासाठी तुरुंगात सुताराने जायचं! "मग पहिला आरोपी मला करा," म्हणालो आणि फोन ठेवला. न बघता सही केल्याचं स्टेशन डायरीत स्वतःच्या हाताने लिहिलं. आधीच्या अधिकाऱ्याच्या घरातून तीन दस्ते पंचनामा करून जप्त केले. एक तर चक्क काचेच्या कपाटात होता. न्यायालयात अहवाल देऊन मिस्त्रीला सोडवलं. मला ठपका मिळाला, तो रास्तच होता. त्या अधिकाऱ्याची चौकशी मात्र रेंगाळत राहिली आणि तो हारतुरे घेऊन निवृत्त झाला. त्याबद्दलचा माझा संताप अजून गेलेला नाही.

मिस्त्री निघाला तेव्हा मी त्याची माफी मागितली. त्याने बायकोच्या हातातला डबा घेतला आणि शांतपणे विचारलं, "साहेब, लाकूड सगळ्या अंगानं बघितल्याबिगर मी त्येच्यावर टाका मारत न्हाई. तुमी सही कशी केली?"

त्यानंतर निवृत्तीपर्यंत वस्तू हातात घेतल्याशिवाय मी एकही शेरा लिहिला नाही. पण कुठेही सही करायची वेळ आली की आजही उजवा हात अडखळतो. त्या रजिस्टरात सही त्यानेच केली होती आणि मिस्त्रीच्या मुस्काटातही त्यानेच मारली होती.